दर सोमवारी काळा पडणारा डेस्कटॉप: घरच्या फोटोंचा बदलता वॉलपेपर पुन्हा पुन्हा का बिघडतो आणि तो कसा बसवायचा

सोमवारी सकाळी साडेदहाला आबांचा फोन येणार हे मला पाठ झालं होतं. "अगं, आजपण काळंच पडलंय बघ. आजोबा दिसंनात."

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर बिलं आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या) होतात. मधल्या वेळात स्क्रीनवर आमच्या घरचे फोटो दर अर्ध्या तासाने बदलत राहतात. मंगळवार ते शनिवार सगळं सुरळीत असायचं आणि सोमवारी स्क्रीन काळी. मी दुकानात जाऊन सेटिंग पुन्हा लावायची, आठवडा निभायचा, पुढच्या सोमवारी परत तेच. असे चार महिने गेले. शेवटी कारण सापडलं, आणि ते शोधताना वॉलपेपर बिघडण्याची आणखीही तीन-चार कारणं हाताखालून गेली. ज्यांच्या घरी हाच त्रास आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे. दुकानात विंडोज 11 आहे, घरच्या लॅपटॉपवर अजून 10. या बाबतीत दोन्हीकडे उपाय सारखेच आहेत, मेनूतली जागा थोडी इकडेतिकडे.

आधी हे फोटो कुठले ते सांगते, कारण बिघाडाचं मूळ त्यातच आहे. ऑगस्ट 2019च्या महापुरात आमचं गावभागातलं घर पाण्यात होतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. अल्बम लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. घरी परतलो तेव्हा फोटो एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले होते. जे ओले होते ते आईने परातीत स्वच्छ पाणी घेऊन, बुडवून, एकेक करून सोडवले आणि जुन्या साडीवर चेहरा वर करून वाळवले. जे तसेच चिकटून वाळले होते ते ओढायला गेलं की वरचा थर सोलून यायचा, म्हणून ते तसेच ठेवले. एकूण 312 फोटो वाचले. ते सगळे मी 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन केले आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवले. चिखलाचे डाग मुद्दाम पुसले नाहीत.

तेव्हापासून आबा रविवारी ती डिस्क दुकानात एकटी सोडत नाहीत. शनिवारी संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी ती पिशवीत घालून घरी आणतात.

सोमवार नव्हे, डिस्क

सुरुवातीला मी भलत्याच गोष्टींच्या मागे लागले. रविवारी वीज जाते म्हणून असेल, कुठलं अपडेट आलं असेल, थीम (वॉलपेपर आणि रंगांचा संच) खराब झाली असेल. दर सोमवारी मी वॉलपेपरची साठवलेली फाइल उडवायची (ती कुठे असते ते पुढे सांगते), फोल्डर पुन्हा निवडायची आणि फोटो यायचे. औषध लागू पडलं असं वाटायचं. पण मी दुकानात पोचेपर्यंत आबांनी डिस्क जोडलेली असायची, म्हणून ते लागू पडायचं. हे माझ्या लक्षातच येत नव्हतं.

उलगडा झाला तो जुलैमध्ये. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली. ते पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि पुढे आमच्याकडे येतं, त्यामुळे असल्या बातमीनंतर सांगलीत सगळ्यांचं लक्ष पुलाच्या पातळीकडे असतं. आबांनी त्या मंगळवारीच डिस्क घरी आणली. आणि बुधवारी स्क्रीन काळी.

मग सगळी साखळी जुळली. दिवाणजी साडेनऊला दुकान उघडतात आणि कॉम्प्युटर सुरू करतात. आबा सव्वादहाला डिस्क घेऊन येतात. मधल्या पाऊण तासात विंडोज स्लाइडशोचं, म्हणजे बदलत्या फोटोंचं, फोल्डर शोधतं, ते सापडत नाही, आणि स्लाइडशो बंद पडतो. नंतर डिस्क जोडली तरी आमच्याकडे तो आपणहून सुरू होत नव्हता. दिवाणजींनी काही चुकीचं केलं नव्हतं आणि आबांनीही नाही. फोटो ठेवायची जागाच चुकलेली होती, आणि ती मी निवडलेली होती.

याचंच एक भावंड आहे, ड्राइव्हचं अक्षर बदलणं. तुमची डिस्क 'ई' या अक्षराने दिसत असते. एखाद्या दिवशी कुणी आधी पेन ड्राइव्ह लावतो, त्याला 'ई' मिळतं आणि तुमची डिस्क 'एफ' होते. स्लाइडशो मात्र 'ई'मध्येच फोटो शोधत बसतो. 'धिस पीसी' उघडून डिस्कपुढचं अक्षर बघा. ते बदललेलं असेल तर स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, आपल्या डिस्कवर उजवी क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' घ्या आणि वर्णमालेतलं लांबचं अक्षर द्या, समजा 'पी'. तिथे सहसा दुसरं कुणी येत नाही. मात्र त्या डिस्कवर बिलिंगचा किंवा दुसरा एखादा प्रोग्रॅम बसवलेला असेल तर अक्षराला हात लावू नका, तो प्रोग्रॅम जुन्या अक्षरावरच अवलंबून असतो.

तुमचा बिघाड कोणता, हे एका क्लिकमध्ये कळतं

काहीही बदलण्याआधी डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करा आणि 'नेक्स्ट डेस्कटॉप बॅकग्राउंड' हा पर्याय आहे का बघा. विंडोज 11मध्ये दिसला नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये बघा. हा पर्यायच नसेल, तर स्लाइडशो चालूच नाही: फोल्डर हरवलंय किंवा कुणीतरी थीम बदलली आहे. पर्याय आहे आणि क्लिक केल्यावर फोटो बदलतो, पण आपणहून बदलत नाही, तर फोल्डर ठीक आहे आणि वेळेचं किंवा विजेचं सेटिंग अडवतंय. पर्याय आहे, क्लिकही होतं, पण फोटो जागचा हलत नाही, तर साठवलेली फाइल किंवा खुद्द फोटो खराब आहेत. मी हे पहिल्याच सोमवारी केलं असतं तर चार महिने वाचले असते, म्हणून हे सगळ्यात आधी करा असा माझा आग्रह आहे.

पेवातली हळद पेवात, सौद्याला नमुना

आता खरा उपाय. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या गावी, हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी पद्धत आहे. पेव बंद केलं की ते उगाच उघडत नाहीत आणि उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नाही. सौद्याला माल दाखवायचा तर नमुना पुढे येतो, पेव उचलून कुणी यार्डात आणत नाही. फोटोंचंही असंच करायचं. मूळ संग्रह डिस्कवर, सुरक्षित. वॉलपेपरसाठी त्याच्या छोट्या प्रतींचं वेगळं फोल्डर, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या ड्राइव्हवर.

आबांना ही गोष्ट अशी सांगितल्यावर पुढे काही समजवावं लागलं नाही. "मग डिस्क खुशाल घरी ठेवू की," म्हणाले.

जागेचा हिशोबही याच बाजूने आहे. चार बाय सहा इंचाचा फोटो 600 डीपीआयला स्कॅन केला की 2400 बाय 3600 पिक्सेलचा होतो. आकार न आवळलेली टिफ फाइल ठेवली तर एक फोटो सुमारे 26 एमबी, आणि आमचे 312 मिळून 8 जीबीच्या वर. स्क्रीन मात्र 1920 बाय 1080ची. तेवढ्याच आकाराची जेपीजी प्रत एका एमबीच्या आसपास किंवा खालीच बसते आणि डोळ्यांना फरक कळत नाही.

सी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर बनवा. मी नाव 'पडदा' ठेवलं. देवनागरी नाव चालतं, नुसतं आखूड ठेवा. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर आणि प्रत्येकाला लांबलचक नाव, असं केलं की पूर्ण पत्ता 260 अक्षरांच्या पलीकडे जातो आणि तिथे बरेच प्रोग्रॅम अडतात. सगळे फोटो एकाच पातळीवर ठेवा. 'पिक्चर्स' फोल्डर मी मुद्दाम टाळलं. अनेक कॉम्प्युटरवर ते वनड्राइव्हशी (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीशी) जोडलेलं असतं आणि जागा वाचवायला फोटो फक्त ऑनलाइन ठेवले जातात. अशा फाइलपुढे ढगाचं चिन्ह दिसतं. नेट नसलं की तो फोटो तुमच्याकडे नाहीच. तिथेच ठेवायचं असेल तर फोल्डरवर उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा.

प्रती बनवायला मी इरफानव्ह्यू वापरलं. घरच्या वापराला ते मोफत आहे. उघडून 'बी' दाबलं की बॅच कन्व्हर्जनची खिडकी येते, तिथे सगळे फोटो एकदम निवडून आकार आणि जेपीजी स्वरूप ठरवता येतं. एक गोष्ट दोनदा तपासा: नवीन फाइल कुठल्या फोल्डरात जाणार आहे. ती जागा मूळ संग्रहाची नसावी.

मग 'सेटिंग्ज', 'पर्सनलायझेशन', 'बॅकग्राउंड'. तिथे 'स्लाइडशो' निवडा आणि 'ब्राउज' करून नवीन फोल्डर दाखवा. फोटो बदलायचा वेळ एक मिनिट, दहा मिनिटं, अर्धा तास, एक तास, सहा तास किंवा एक दिवस असा ठरवता येतो. 'शफल' चालू करा, म्हणजे रोज तेच पहिले दहा फोटो समोर येत नाहीत.

डोकी कापली जातात ती अशी

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. आजोबांचा एक उभा फोटो आहे, हरिपूरला पेवाच्या तोंडाशी, हातात हळकुंडांनी भरलेली पाटी. स्क्रीनवर तो यायचा तेव्हा फक्त सदऱ्याची बटणं आणि पाटीची कड दिसायची.

'चूज अ फिट'मध्ये 'फिल' निवडलेलं असतं तेव्हा विंडोज फोटो स्क्रीनच्या पूर्ण रुंदीला ताणतं. 2400 बाय 3600चा उभा फोटो 1920 रुंद झाला की त्याची उंची 2880 होते. स्क्रीन 1080चीच आहे. म्हणजे फोटोचा जेमतेम 38 टक्के भाग दिसतो, बाकी वर-खाली कापला जातो. उभ्या फोटोत चेहरा वरच्या भागात असतो, त्यामुळे चेहराच जातो.

'फिट' निवडलं तर पूर्ण फोटो दिसतो: 720 रुंद, 1080 उंच, आणि दोन्ही बाजूंना सहाशे-सहाशे पिक्सेलची पट्टी. त्या पट्टीचा रंग हवा तसा घेता येतो. आधी 'सॉलिड कलर'मध्ये जाऊन रंग निवडायचा आणि मग परत स्लाइडशोवर यायचं. मी गडद तपकिरी ठेवला, जुन्या अल्बमच्या पानासारखा. पिवळट पडलेले फोटो त्यावर उठून दिसतात. 'स्ट्रेच' कधीच निवडू नका, माणसं आडवी फुगतात.

पण आमच्याकडे उभे फोटो निम्म्याहून जास्त. म्हणून मी दोन-दोन फोटो एकाच 1920 बाय 1080च्या चौकटीत शेजारी बसवले. 720चे दोन म्हणजे 1440, उरतात 480, ते बाजूंना आणि मध्ये वाटून घ्यायचे. हे साध्या पेंटमध्येही होतं. पेवाजवळच्या आजोबांशेजारी मी आजीचा गणपती मंदिरासमोरचा फोटो ठेवला. दोघांचा एकत्र फोटो पुरातून एकही वाचला नव्हता. आबांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा समोर पट्टीसाठी शेतकरी थांबले होते, तरी ते थोडा वेळ तसेच बघत राहिले.

फोटो आडवा लोळलेला दिसत असेल, तर कॅमेऱ्याने त्यात फक्त 'हा फिरवून दाखवा' अशी खूण ठेवलेली असते आणि ती खूण वाटेत कुठेतरी पाळली जात नाही. 'फोटोज'मध्ये उघडून फिरवा आणि जतन करा, एवढंच.

एकच फोटो अडकून बसला असेल तर

लॅपटॉपवर बहुतेक वेळा बॅटरीचं कारण असतं. चार्जर काढला की स्लाइडशो थांबतो. स्लाइडशोच्या सेटिंगमध्येच 'बॅटरीवर असतानाही चालू द्या' अशा अर्थाचं बटण असतं, ते चालू करा. तरी हलला नाही तर जुन्या 'कंट्रोल पॅनल'मध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा, चालू योजनेचं 'चेंज प्लॅन सेटिंग्ज', त्यात 'अॅडव्हान्स्ड' सेटिंग्ज. तिथल्या यादीत 'डेस्कटॉप बॅकग्राउंड सेटिंग्ज' असतं, त्याखाली 'स्लाइडशो'. तो 'पॉज्ड' असेल तर 'अव्हेलेबल' करा. टेबलावरच्या कॉम्प्युटरवरही हे एकदा बघाच. वीज वाचवायची योजना निवडलेली असली की ते आपोआप 'पॉज्ड' झालेलं असू शकतं.

हेही ठीक असेल तर साठवण साफ करायची. आपल्याला जो वॉलपेपर दिसतो तो मूळ फोटो नसतो, विंडोजने त्याची बनवलेली प्रत असते. म्हणूनच डिस्क काढून घेतली तरी कधी कधी शेवटचा फोटो दिवसभर तसाच राहतो आणि सगळं ठीक आहे असा भास होतो. ही प्रत शोधायला फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'खाली 'हिडन आयटम्स' चालू करा. मग सी ड्राइव्ह, युजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, अॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, थीम्स अशा क्रमाने आत जा. तिथे 'ट्रान्सकोडेडवॉलपेपर' नावाची फाइल असते, तिच्या नावापुढे जेपीजी वगैरे काही नसतं. शेजारी 'स्लाइडशो' नावाची सेटिंगची फाइल आणि 'कॅश्डफाइल्स' हे फोल्डर असू शकतं. आधी बॅकग्राउंड 'सॉलिड कलर' करा, मग ही तिन्ही काढा, साइन आउट करून परत या आणि स्लाइडशो नव्याने लावा. तुमच्या मूळ फोटोंना यात धक्का लागत नाही.

फोनवरचे काही फोटो कधीच येत नाहीत

साताऱ्याच्या आत्याने कास पठाराचे फोटो पाठवले होते, सप्टेंबरातले, फुलांनी भरलेले. त्यातला एकही स्क्रीनवर येत नव्हता. फाइलचं नाव बघितलं तर शेवटी एचईआयसी. आयफोन 2017पासून, म्हणजे आयओएस 11पासून, फोटो या स्वरूपात ठेवतो आणि ते वाचायला विंडोजला वेगळी जोड लागते. जोड घालत बसण्यापेक्षा प्रती जेपीजी करून घेणं मला बरं वाटतं, कारण उद्या कॉम्प्युटर बदलला तरी अडत नाही. पुढचे फोटो सरळ यावेत म्हणून आत्याच्या फोनमध्ये 'सेटिंग्ज', 'कॅमेरा', 'फॉरमॅट्स'मध्ये जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' करून दिलं.

व्हॉट्सअॅपवर फोटो मागवत असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो आणि मोठ्या स्क्रीनवर फुटल्यासारखा दिसतो.

तीन किरकोळ गोष्टी. घरातल्या कुणी 'थीम्स'मधून नवी थीम निवडली की तुमचा स्लाइडशो जातो. म्हणून सगळं मनासारखं लागल्यावर तिथेच 'सेव्ह' करून स्वतःची थीम ठेवा, एका क्लिकमध्ये परत आणता येते. आणि डावीकडचे ऑल्ट व शिफ्ट धरून प्रिंट स्क्रीन दाबलं गेलं तर जास्त गडद-उजळ फरकाची थीम सुरू होऊन वॉलपेपर नाहीसा होतो. तीच तीन बटणं पुन्हा दाबली की ती जाते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बॅकग्राउंडचे पर्याय करडे दिसत असतील तर ते ऑफिसनेच बंद केलेले असतात, तिथल्या माणसाला विचारा.

सगळं झाल्यावर शनिवारी आम्ही दुकान बंद करायच्या आधी खात्री करून घेतली. कॉम्प्युटर बंद केला, डिस्क काढून आबांच्या पिशवीत ठेवली, पुन्हा चालू केला आणि वेळ एक मिनिटावर लावली. पहिलाच फोटो आला आयर्विन पुलाचा, कोपऱ्यात पुराच्या चिखलाचा डाग असलेला. मग पेव, मग कास, मग आईचं बारसं. आबा खुर्ची ओढून बसले. वीस-बावीस फोटो झाल्यावर म्हणाले, "आता अर्ध्या तासावर लाव बाई, नायतर सोमवारी पट्ट्या व्हायच्या न्हाईत."